तिरकी रेघ आणि इतर

तिरकी रेघ

टाइपरायटरवरची साधी खूण. तारीख लिहायला, घराचा नंबर लिहायला, 'अथवा' म्हणायला वापरतात ती. १९७०च्या दशकात अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या काही बायकांनी तिला नवं काम लावलं. 'स्टार ट्रेक' मालिकेतला कॅप्टन कर्क आणि त्याचा सहकारी स्पॉक यांच्यावर त्या हौसेने गोष्टी लिहीत. गोष्ट मैत्रीची असेल तर दोघांच्या आद्याक्षरांमध्ये 'आणि'ची खूण. प्रेमाची असेल तर तिरकी रेघ. यादीत तेवढंच छापायचं. कळायचं त्यांना कळत असे. पुढे या प्रकारच्या सगळ्या लेखनालाच त्या रेघेचं इंग्रजी नाव पडलं, स्लॅश.

आता तरुण वाचक दोन नावं मोडून एकच शब्द करतात आणि तोच बोलतात. रेघ सूचीपुरती उरली आहे.

दोन सेकंदांचं हसू

मालिका १९६६ ते १९६९ चालली. भाग ७९. त्यातला एक १५ सप्टेंबर १९६७चा, थिओडोर स्टर्जन या विज्ञानकथाकाराने लिहिलेला. स्पॉकचं कूळ भावना न दाखवणाऱ्यांचं. या भागात द्वंद्वात आपल्या हातून कर्क मेला अशी त्याची खात्री झालेली असते. तो जहाजावर परततो, शिक्षा घ्यायला तयार असतो. तेवढ्यात कर्क समोर येतो, जिवंत. स्पॉक त्याचे दोन्ही दंड धरतो, त्याला घरच्या नावाने हाक मारतो, आणि तोंडभर हसतो. मग डॉक्टर आणि नर्स बघत आहेत हे त्याच्या लक्षात येतं. चेहरा पुन्हा मिटतो.

त्या हसण्यावर हजारो पानं लिहिली गेली. मला त्या हसण्याहून त्याचं मिटणं मोठं वाटतं. चारचौघांत चेहरा असा मिटवून घ्यायची सवय ज्यांना होती, त्यांना तो अभिनय वाटलाच नसेल.

ऐंशीच्या दशकात ही मालिका रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायची. आम्ही मुलं जहाज आणि टोकदार कान बघत होतो.

नाव नसलेले दोघे

१९७४ साली डायॅन मार्चंट या ऑस्ट्रेलियन बाईंची एक छोटी गोष्ट 'ग्रुप' नावाच्या अनियतकालिकाच्या तिसऱ्या अंकात आली. तिरक्या रेघेची छापून आलेली पहिली गोष्ट म्हणून ती ओळखली जाते. तीत कर्कचं नाव नाही, स्पॉकचंही नाही. आपल्याकडे बायका उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव घेत नसत. तिथे मान होता, इथे धास्ती. तरी नाव गाळून माणूस उभा करण्याची कला दोन्हीकडे एकच.

पाकीट

अंक मागवायचा तर आपला पत्ता लिहून, तिकीट लावून रिकामं पाकीट पाठवायचं. संपादकांकडे कविता पाठवलेल्या प्रत्येकाला हे पाकीट माहीत आहे. अनेक अंकांसाठी सोबत सही केलेला कागदही लागे, माझी अठरा वर्षं पूर्ण आहेत म्हणून. मग अंक यायचा. सायक्लोस्टाइल केलेला, नाहीतर झेरॉक्स, बाजूला स्टेपलच्या पिना. आपली साठोत्तरी अनियतकालिकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना तो कागद आणि ती फिकट होत गेलेली अक्षरं लगेच ओळखू येतील. फरक असा की आपल्या बंडखोर अंकांवर लेखकांची नावं ठसठशीत असत. इथे पुष्कळदा टोपणनाव. लिहिणाऱ्या बहुतेक बायका, नोकरी करणाऱ्या, आणि कामाच्या जागी हे कळलं तर काय होईल याची काळजी खरी होती.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात अशा अंकांचा मोठा साठा आता जपलेला आहे. अंक तिथे आहेत. पाकीट कुणी ठेवत नाही.

तळटीप

१९७९ साली 'स्टार ट्रेक'चा पहिला चित्रपट आला, आणि मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने त्यावरून कादंबरी लिहिली. तीत स्पॉकच्या भाषेतला एक शब्द आहे, 'थायला'. तळटीपेत त्याचे तीन अर्थ दिले आहेत: मित्र, भाऊ, प्रियकर. त्याच तळटीपेत कर्क लोकांच्या कुजबुजीविषयी बोलतो आणि आपली ओढ बाईकडेच आहे असंही सांगतो. दार उघडलं आणि लोटून घेतलं. कडी मात्र घातली नाही.

मराठीत 'सखा' आहे. तो अर्जुनाचाही आणि गवळणींचाही. त्याला तळटीप लागली नाही.

किंमत

हे सगळं आडून का? पडद्यावर काय दिसावं हे पैसे देणारा ठरवत होता म्हणून. अमेरिकी दूरचित्रवाणी प्रसारकांची स्वतःची आचारसंहिता १९५२ ते १९८३ अशी एकतीस वर्षं होती. ती गेली तरी जाहिरातदार होताच. १९८९च्या नोव्हेंबरात 'थर्टीसमथिंग' या मालिकेत दोन पुरुष पलंगावर पडून बोलताना दाखवले. एकमेकांना हात लावणंही नव्हतं. जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं, वाहिनीचं दहा लाख डॉलरांहून जास्त नुकसान झालं, आणि पुनःप्रक्षेपणाच्या वेळी तो भाग वगळला गेला.

हे ज्याला ठाऊक आहे तो लेखक काय करील? लेकी बोले सुने लागे. वाक्य सगळ्यांसमोर उच्चारायचं, आणि ते कुणाला लागायला हवं हे मनात ठेवायचं.

मेग फॉस्टरचे सहा भाग

'कॅग्नी अँड लेसी' ही दोन स्त्री पोलिसांची मालिका. १९८२च्या वसंतात पहिले सहा भाग आले. त्यांत कॅग्नीचं काम मेग फॉस्टरने केलं होतं. मग तिला काढलं. वाहिनीच्या एका अधिकाऱ्याने नाव न देता एका साप्ताहिकाला कारण सांगितलं: दोघी फार कठोर दिसतात, पुरेशा बायकी वाटत नाहीत, लोक त्यांना समलिंगी समजतील. तिच्या जागी शॅरन ग्लेस आली. तिने काम उत्तम केलं, पुढे मानाची पारितोषिकंही मिळवली, मालिका १९८८ पर्यंत चालली.

या जिनसेपाशी मी फार वेळ थांबतो. कॅग्नी आणि लेसी यांच्यात लेखकांनी काहीही लपवलेलं नव्हतं. लेसी नवरा आणि मुलं असलेली बाई. तरी एका कार्यालयात बसलेल्या माणसाला दोन बायकांच्या शेजारी शेजारी चालण्यात काहीतरी दिसलं. पडद्यावरची खूण प्रेमाआधी भीतीने वाचली. तिचे डोळे फार तीक्ष्ण होते.

चुलतबहीण

'सेलर मून' ही जपानी ॲनिमेशन मालिका. १९९४च्या हंगामात तीत हारुका आणि मिचिरू आल्या. एक पुरुषी कपडे घालणारी, गाडी वेगात हाकणारी. दुसरी व्हायोलिन वाजवणारी. दोघी एकमेकींच्या प्रेमात. २००० साली अमेरिकेत इंग्रजी डबिंग दाखवलं तेव्हा त्या 'कझिन' झाल्या. नावंही बदलली, अमारा आणि मिशेल. चित्र बदलता आलं नाही. लाजणं तसंच राहिलं. नजरही तशीच राहिली. त्याआधी, १९९५च्या डबिंगमध्ये, झॉयसाइट नावाचा एक पुरुष दुसऱ्या पुरुषावर प्रेम करत होता, म्हणून त्याला बाईचा आवाज देऊन बाईच करून टाकलं होतं.

इंग्रजीला 'कझिन' सोपा गेला. मराठी डबिंग करणाऱ्याला आधी ठरवावं लागलं असतं: चुलत, मामे, आते की मावस? म्हणजे कुणाचा भाऊ कुणाचा बाप, दोघींचं आजोळ कुठलं, सगळं उभं करायचं. एवढी वंशावळ रचून झाल्यावरही मिचिरू त्याच नजरेने बघत राहिली असती.

२०१४ नंतर निघालेल्या नव्या डबिंगमध्ये दोघींचं नातं परत आलं. चुलतबहीण आता जुन्या कॅसेटींतच भेटेल.

काजळ

खलनायकाचं. नाजूक हात, घोळवलेला आवाज, गुलाबी झालर. 'पॉवरपफ गर्ल्स'मधल्या सैतानाला यातलं बरंच दिलेलं होतं. मुलांना न सांगता शिकवलं की असा पुरुष दिसला तर घाबरायचं किंवा हसायचं. खुणांची भाषा प्रेम सांगायला वापरली तशी किळस शिकवायलाही वापरली, आणि दुसरा वापर कदाचित जास्त झाला. हे काजळ पुसलं जात असेल तर त्याची आठवण म्हणूनसुद्धा डबी ठेवू नये, असं मला वाटे. आता वाटतं, ठेवावी. नाहीतर अनेक मुलगे लहानपणी आरशासमोर स्वतःचेच हात का बघत बसले, हे पुढच्यांना कळणार नाही.

सचिव

'द सिम्पसन्स'मधला स्मिदर्स. मालकावर जीव असलेला. पंचवीस वर्षांहून जास्त काळ तेवढाच एक विनोद. २०१६च्या एप्रिलमध्ये त्याला सरळ बोलू दिलं. तो भाग लिहिणाऱ्या लेखकाचा मुलगा समलिंगी आहे.

संसार

'झीना: वॉरियर प्रिन्सेस' १९९५च्या सप्टेंबरात सुरू झाली आणि २००१च्या जूनमध्ये संपली. सहा हंगाम, १३४ भाग, चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये. झीना ही एके काळी गावं लुटणारी सेनानी, आता केल्याचं प्रायश्चित्त घेत हिंडणारी. गॅब्रिएल ही तिच्या मागोमाग घर सोडून निघालेली खेड्यातली मुलगी, प्रवासात जे घडतं ते गुंडाळ्यांवर लिहून ठेवणारी. ल्युसी लॉलेस आणि रेने ओ'कॉनर.

'सबटेक्स्ट' हा शब्द त्याआधी नाटकवाल्यांचा आणि प्राध्यापकांचा होता. या मालिकेने तो घराघरांतल्या बायकांच्या तोंडी दिला. कालच्या भागात सबटेक्स्ट किती होतं, असं त्या एकमेकींना विचारायच्या, जेवणात मीठ किती होतं असं विचारावं तसं. आमच्या काव्यशास्त्राने ज्याला व्यंजना म्हटलं, ते इतक्या सहज, इतक्या निकडीने वापरणारे वाचक मला दुसरीकडे आढळले नाहीत. मालिकेच्या निर्मात्यांत लिझ फ्रीडमन होती, स्वतः समलिंगी असल्याचं उघड सांगणारी. हळूहळू पडद्याच्या दोन्ही बाजूंना कळलं की पलीकडच्यांना कळलं आहे.

१९९७च्या जानेवारीतला एक भाग. झीना मेलेली आहे, तिचा आत्मा ऑटोलायकस नावाच्या चोराच्या शरीरात शिरला आहे. गॅब्रिएलला भेटायचं तर त्याच्याच शरीरातून. दोघींचे चेहरे जवळ येतात, डोळे मिटतात, आणि ओठ टेकतात तेव्हा पडद्यावर दिसतो तो मिशीवाला चोर. चुंबन झालं, आणि झालं नाही. वाहिनीला दाखवायला पुरुष होता. बघणारणीला ठाऊक होतं आत कोण आहे.

लोक त्या चुंबनाबद्दल बोलतात. मला त्यानंतर महिनाभराने आलेला भाग अधिक मोलाचा वाटतो. त्यात फार काही घडत नाही. दोघी उठतात, मासे धरतात, पतंग उडवतात. झीना स्वयंपाकाचा तवा मारामारीत वापरते म्हणून गॅब्रिएल वैतागते. झीनाने तिच्या लिखाणाची गुंडाळी भलत्याच कामाला वापरून टाकलेली असते, त्यावरून आणखी वाजतं. मग दोघी एकाच टबात अंघोळ करतात आणि साबण शोधतात. याला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, संसार. तव्यावरून होणारं भांडण कुणी मैत्रीचं म्हणेल, पण ज्यांनी संसार केला आहे त्यांना तो तवा ओळखता येतो. लपवून सांगण्याच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत धीट होती, कारण तीत लपवलेलं काहीच नव्हतं. सगळं ओट्यावर मांडलेलं होतं.

१९९९च्या सुरुवातीला कथा भारतात आली. एका भागाचं नावच 'ओळींच्या मधलं' अशा अर्थाचं. त्यात दोघींच्या हातांवर मेंदी आहे, आणि त्यांना आपले पुढचे जन्म दिसतात. एका जन्मात झीना ही आर्मिनेस्ट्रा नावाची वृद्ध साध्वी आहे, गॅब्रिएल शक्ती नावाचा राजपुत्र. हे दोन जीव जन्मोजन्मी एकमेकांना शोधणारे आहेत, असं तिथे सांगितलं जातं. जे एका जन्मात म्हणायला वाहिनीची परवानगी नव्हती ते अनेक जन्मांच्या मिळून म्हणता आलं. पुनर्जन्माचा हा उपयोग आपल्या पुराणांतही आहे, पण इथे तो एका अमेरिकी करमणुकीच्या मालिकेला सुचला, गरज म्हणून सुचला, याचं मला अजून नवल वाटतं. त्याच मालेत कृष्ण आणि हनुमान असलेला एक भाग होता. देवांना असं पात्र केल्याबद्दल हिंदू संघटनांनी निषेध केला, भाग मागे घेतला गेला आणि बदल करून पुन्हा दाखवला गेला.

मेलिसा गुड ही दोघींच्या गोष्टी हौसेने लिहिणारी लेखिका. सहाव्या हंगामात तिच्याकडून दोन भाग लिहून घेतले. ज्या बाईने ओळींच्या मधलं वाचलं तिलाच ओळी लिहायला बोलावलं. असा मान वाचकाला क्वचितच मिळतो.

शेवटच्या भागात झीना मरते, आणि मेलेलीच राहते. त्यातच एका झऱ्याचं पाणी एकीच्या ओठांतून दुसरीच्या ओठांत जातं. ल्युसी लॉलेसने २००३मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की तोवर तिच्याही मनात होय-नाही होतं. त्या घोटाने तिचं मन ठरलं. सहा वर्षं ती बाई झीनाचा देह घेऊन वावरली, आणि तिलाही शेवटच्या घोटापर्यंत वाट बघावी लागली.

२०१५च्या सुमारास मालिका नव्याने करायचं ठरलं. लेखक हावियेर ग्रियो-मार्शुआक यांनी सांगितलं की आता हे नातं उघड लिहीन. २०१७मध्ये ते बाहेर पडले आणि पुढे वाहिनीने बेत सोडला. उघड झीना अजून कुणी पाहिलेली नाही.

लगेच येणारं मरण

खूण उघड झाली की पात्र मारायचं. 'बफी'मधली टारा, २००२. 'द हंड्रेड'मधली लेक्सा, २०१६. ही चाल नाहीशी व्हायला हवी होती, अजून झालेली नाही, म्हणून नाहीशा झालेल्या खुणांच्या या यादीत तिची जागा रिकामी ठेवतो.

मुकं उत्तर

'सुपरनॅचरल'मध्ये २००८ साली कॅस्टिएल हा देवदूत आला. डीन या शिकाऱ्याशी त्याचं जे होतं त्याला बारा वर्षं नाव नव्हतं. ५ नोव्हेंबर २०२० रोजी दाखवलेल्या भागात तो डीनला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि त्याच क्षणी अंधार त्याला गिळतो. डीन उत्तर देत नाही.

काही आठवड्यांनी लॅटिन अमेरिकेतलं स्पॅनिश डबिंग आलं. त्यात डीन म्हणतो, माझंही तुझ्यावर. मूळ इंग्रजीत नसलेलं ते वाक्य. एका भाषेने दोन प्रेमिकांना बहिणी केलं होतं. वीस वर्षांनी दुसऱ्या भाषेने मुक्याला जबान दिली. भाषांतरकाराने मर्यादा ओलांडली, हे खरं. मी ती ओलांडणारा हात मनोमन धरला.

खोलीतले सोबती

'सेसमी स्ट्रीट'मधले बर्ट आणि अर्नी, १९६९ पासून एका खोलीत, दोन पलंग. २०१८मध्ये त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या मार्क सॉल्ट्झमन यांनी सांगितलं की मी त्यांना प्रेमी जोडपं समजूनच लिहीत असे, दुसरं काही मला लिहिता आलं नसतं. संस्थेने कळवलं की ते मित्र आहेत, बाहुल्या आहेत.

दोन हात

'द लेजंड ऑफ कोरा', डिसेंबर २०१४. शेवटच्या दृश्यात कोरा आणि असामी एकमेकींचे दोन्ही हात धरून समोरासमोर उभ्या राहतात, उजेड वाढत जातो, मालिका संपते. तीन दिवसांनी दोन्ही निर्मात्यांनी लिहून सांगितलं की होय, त्या एकमेकींच्या आहेत. लेखकाने बाहेर येऊन खुलासा करण्याची वेळ येणं ही या भाषेची शेवटची अवस्था होती. प्रेक्षकांना कळलेलं होतं. त्यांना साक्ष हवी होती.

३ सप्टेंबर २०१८ रोजी 'अॅडव्हेंचर टाइम'च्या अखेरच्या भागात राजकन्या बबलगम आणि मार्सेलीन यांचं चुंबन दाखवलं, मुलांच्या वाहिनीवर, आडपडदा नाही. तीन दिवसांनी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ मोडीत काढलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. मला मात्र तो आठवडा एकच आठवतो.

झाकलेलं प्रेम जास्त सुंदर दिसे, उघडं झालं आणि गोडी गेली, असं म्हणणारे भेटतात. मला हे पटत नाही. ते सौंदर्य झाकणाऱ्यांचं नव्हतंच. ते अर्धा तास बघून दोन सेकंद वेचणाऱ्यांचं होतं, आणि ते वेचत होते कारण ताटात दुसरं काही वाढलेलं नव्हतं.

ओठ

चीनमध्ये दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्यांचा मोठा प्रवाह आहे, दानमेई. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक स्त्रिया. २०१६च्या फेब्रुवारीत 'अॅडिक्टेड' ही दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाची वेबमालिका शेवटचे तीन भाग बाकी असताना काढून टाकली गेली. त्यानंतर निर्मात्यांनी वाट बदलली. कादंबरी तीच घ्यायची, युद्धं, सूड, जादू ठेवायची, आणि प्रेमाच्या जागी बंधुभाव म्हणायचं. प्रेक्षकांनी त्याला 'समाजवादी बंधुभाव' असं नाव दिलं आणि ते ऐकलं की कुठे बघायचं हे त्यांना समजे.

२०१९च्या उन्हाळ्यातली 'द अनटेम्ड'. पन्नास भाग. लान वांगजी सात तारांचं वाद्य वाजवणारा, वेई वुश्यान बासरी वाजवणारा. गुहेत वेई तापाने निपचित पडला आहे, लान एक धून गुणगुणतो. वेई विचारतो, हिचं नाव काय. लानचे ओठ हलतात. आवाज येत नाही.

प्रेक्षकांनी ते ओठ वाचले. वांगश्यान. दोघांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन केलेलं नाव. मधे तिरकी रेघसुद्धा नाही.

चिनी मालिकांत आवाज बहुधा मागाहून भरतात. म्हणजे चित्रीकरणात नट एक बोलतो, आणि परवानगीच्या टेबलावरून परत येईपर्यंत त्याच्या तोंडी दुसरंच वाक्य घातलेलं असू शकतं. २०२१च्या 'वर्ड ऑफ ऑनर'च्या वेळी प्रेक्षक हे ताडून बसले. दृश्य थांबवायचं, आवाज बंद करायचा, ओठ बघायचे, कादंबरीचं पान उघडायचं, आणि खाली गेलेलं वाक्य वर काढायचं. बहिऱ्या माणसांची विद्या हजारो ऐकू येणाऱ्यांनी प्रेमापायी उचलली. जिथे ओठ आणि आवाज जुळले नाहीत ती जागा त्यांनी मिनिट-सेकंदासह लिहून ठेवली.

त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारी फर्मान निघालं. पुरुषांच्या 'बायकी' सौंदर्याला पडद्यावर थारा नको, आणि दानमेईवरून केलेल्या मालिकांचा मार्गही बंद. चित्रीकरण पुरं झालेल्या मालिका पडून राहिल्या. त्यांत 'इमॉर्टॅलिटी' आहे. तिचे ओठ वाचायला अजून कुणाला मिळालेले नाहीत.

अमेरिकेतल्या खुणा गेल्या कारण बोलता येऊ लागलं. चीनमधल्या गेल्या कारण त्या वाचता येतात हे वरपर्यंत कळलं. यादीत दोन्ही एकाखाली एक लिहिल्या आहेत, पण एकीपुढे मी शाई वापरली आहे आणि दुसरीपुढे पेन्सिल.

मुंग्या

व्हिडिओ कॅसेट. एकीवर तीन-चार भाग, लेबलवर भागाचं नाव. मैत्रिणीने मैत्रिणीसाठी केलेली प्रत, तिच्यावरून तिसरीसाठी. दर प्रतीला रंग थोडे उतरायचे, लाल रंग कडेने ओघळायचा. अमेरिकेतली कॅसेट युरोपातल्या साध्या यंत्रावर लागायची नाही, तरी लोक मागवत.

दृश्य थांबवायचं बटण दाबलं की फीत थांबते, पण यंत्रातली हेड्स फिरत राहतात आणि फितीच्या त्याच तुकड्यावर घासतात. पुन्हा मागे, पुन्हा थांबवा. भांडण, घोडदौड, जंगल, या जागा कुणी थांबवत नसे. त्या कोऱ्या राहायच्या.

अशी एखादी कॅसेट आज लावली तर आधी साबणाच्या जाहिराती स्वच्छ दिसतात. मग शीर्षकं, स्वच्छ. शेकोटीपाशी दोघी बसलेल्या, एकीच्या हातात गुंडाळी, दुसरी तलवारीला धार लावते आहे, तेही दिसतं. मग एक मान वर करते, दुसरीकडे वळते, आणि तिथे पडदाभर मुंग्या.